३१ मार्चआधी करार उघडा: परदेशी कंपन्यांसाठी घरून काम करणाऱ्यांना तातडीचं आवाहन

पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या गावी बसून अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, सिंगापूर किंवा दुबईतल्या कंपनीचं काम करणारं कुणी ना कुणी आता प्रत्येक सोसायटीत सापडतं. कुणी कोड लिहितं, कुणी हिशेब ठेवतं, कुणी डिझाइन करतं, कुणी मध्यरात्री हेडफोन लावून ग्राहकांशी बोलतं. महिन्याच्या महिन्याला पैसे जमा होतात, रुपया घसरला की चार पैसे जास्तच पडतात. कुठे काही अडतंय असं वाटत नाही. हे आवाहन याच मंडळींना आहे, आणि ते मार्च २०२६ उजाडताच करावं लागतंय त्याला कारण आहे.

१५ मार्च ही आगाऊ कराच्या शेवटच्या हप्त्याची तारीख, आणि यंदा त्या दिवशी रविवार आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपेल आणि त्याच रात्री २०२०-२१चं, म्हणजे करोनाच्या पहिल्या वर्षाचं, राहून गेलेलं उत्पन्न स्वतःहून दाखवण्याची मुदतही संपेल. १ एप्रिलपासून १९६१चा आयकर कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा येईल. चार कामगार संहिता तर गेल्या २१ नोव्हेंबरलाच लागू झाल्या. इथल्या कंपनीत असतात तर एचआरकडून चार ईमेल आले असते, पगारातून टीडीएस कापला गेला असता, जूनमध्ये फॉर्म १६ हातात पडला असता. थेट पैसे पाठवणाऱ्या परदेशी कंपनीचं इथे सहसा कार्यालय नसतं, कर कापायला लागणारा टॅन क्रमांक नसतो, एचआरला १५ मार्च म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. आयकराच्या संकेतस्थळावर तुमचा २६एएस उघडून पाहा. वर्षभर राबूनही या कामापोटी ‘कापलेला कर’ या रकान्यात एक रुपया दिसणार नाही. कर लागत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. तो भरायचं काम सर्वस्वी तुमच्याकडे आलंय, एवढाच त्याचा अर्थ.

पैसे कुठल्या देशातून आले, कुठल्या खात्यात पडले, याने फरक पडत नाही. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहणारा माणूस सर्वसाधारणपणे इथला करनिवासी ठरतो आणि त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. ‘पैसे परदेशी खात्यातच ठेवले आहेत, इथे आणलेच नाहीत’ ही पळवाट नाही. उलट तिच्यामुळे दुसरं प्रकरण गळ्यात पडतं. त्याकडे पुढे येऊच.

आधी हे ठरवा: नोकरी की कॉन्ट्रॅक्ट?

कराचे आणि हक्कांचे सगळे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण आहात? प्रकार तीन. पहिला, भारतातली एखादी मध्यस्थ कंपनी तुम्हाला कागदोपत्री नोकरीवर ठेवते आणि काम परदेशी कंपनीचं करून घेते. हिला ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात. दुसरा, परदेशी कंपनी थेट नेमणूकपत्र देते आणि पगार पाठवते. तिसरा, आणि सर्रास दिसणारा: तुम्ही कॉन्ट्रॅक्टर, दर महिन्याला बिल पाठवायचं आणि पैसे घ्यायचे.

आता या तिसऱ्या प्रकारातला करार जरा जवळून वाचा. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की तुम्ही स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहात, कंपनीचे कर्मचारी नव्हेत. दुसऱ्या पानावर कामाची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाने नऊ ते सहा. सुट्टी हवी तर मॅनेजरची परवानगी. दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही. लॅपटॉपवर दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर. पुढे बारीक अक्षरांत: सगळे कर तुमचे, आणि उद्या तुमच्यामुळे कंपनीवर भारतात कर किंवा दंड बसला तर तो तुम्ही भरून द्यायचा. शेवटच्या पानावर: वाद झाल्यास कायदा डेलावेअरचा, लवाद सिंगापूरला.

म्हणजे राबायचं नोकरासारखं आणि जोखीम घ्यायची धंदेवाल्याची. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा नाही. आणि धंदेवाल्याचं स्वातंत्र्य म्हणावं तर तेही नाही. बहुतेक जण असा करार डिजिटल सहीने दोन मिनिटांत उरकतात, कारण ‘बाकी सगळे तेच करतात’.

कागदावरच्या नावाने सगळं ठरत नाही, हे आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. मीठ पिकवणाऱ्या अगरियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच पाहिलं ते हे की कामावर ताबा कुणाचा, काम कसं करायचं हे कोण सांगतं. पण ती लढाई इथल्या मालकाविरुद्ध होती. ज्याचं इथे दुकानच नाही, त्याच्याविरुद्ध ती जिंकलात तरी वसुली कुठून करणार? म्हणून सहीच्या आधीची घासाघीस नंतरच्या दहा नोटिशींपेक्षा मोलाची आहे.

तीस लाखांचं उदाहरण

२०२५-२६ मध्ये एखाद्या सॉफ्टवेअर सल्लागाराला परदेशातून ३० लाख रुपये मिळाले आणि तो नव्या करप्रणालीत आहे असं धरू. हे उत्पन्न पगार असेल तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन २९.२५ लाखांवर कर लागेल. उपकरासह तो होतो ४,७५,८०० रुपये. हेच उत्पन्न तांत्रिक सल्ल्याचा व्यवसाय म्हणून कलम ४४एडीए खाली दाखवलं तर निम्मी रक्कम, १५ लाख, उत्पन्न धरली जाते आणि कर होतो १,०९,२०० रुपये. फरक साडेतीन लाखांहून जास्त.

इथेच मोह होतो. ‘४४एडीए टाका आणि मोकळे व्हा’ असं कुणीही सांगतं. सोय कायदेशीर आहे, त्याबद्दल वाद नाही. ५० लाखांपर्यंतच्या जमेसाठी, आणि रोखीने घेतलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, ती वापरता येते. पण ती ठरावीक व्यवसायांना आहे: वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखा, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि सरकारने अधिसूचित केलेले इतर काही. ग्राफिक डिझायनर, अनुवादक किंवा ग्राहकसेवेचे फोन घेणारा या यादीत आपोआप बसत नाही. आणि ज्याचा कागद नेमणूकपत्राचा आहे, त्याने पगारालाच व्यवसाय म्हणणं म्हणजे नोटिशीला घरचा पत्ता देणं.

मेख अशी की दोन्हीकडचे फायदे एकदम घेता येत नाहीत. नोकरी म्हणाल तर पगारावर जीएसटीचा प्रश्न येत नाही, पण ४४एडीए मिळत नाही. व्यवसाय म्हणाल तर ४४एडीए मिळेल, पण वर्षाची जमा २० लाखांपुढे जाताच जीएसटी नोंदणी करावी लागेल. ‘निर्यातीवर कर शून्य, मग नोंदणी कशाला?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. दर शून्य असला तरी उलाढालीत ती रक्कम मोजली जाते, हे त्याचं उत्तर. नोंदणीनंतर दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, ऑनलाइन भरायचं. त्याला पैसे पडत नाहीत. ते भरलं नाही तर १८ टक्के आयजीएसटी आधी भरून मग परताव्याच्या मागे लागायचं. आपल्या उदाहरणात ही रक्कम ५,४०,००० रुपये होते. २०२६-२७चं हमीपत्र ३१ मार्चच्या आत भरून टाका.

निर्यात म्हणून मान्यता मिळण्यासाठी पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणी रुपयांत, आलेले असावे लागतात. त्याचा पुरावा म्हणजे बँकेचा किंवा पेमेंट कंपनीचा इनवर्ड रेमिटन्सचा दाखला. प्रत्येक बिलासमोर तो लावून ठेवा. त्यावरचा पर्पज कोड कामाशी जुळतो का तेही पाहा. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी तो पी०८०२ असतो. कंपनी ‘यूएसडीटीमध्ये देतो, लगेच मिळतील’ म्हणाली तर ठाम नकार द्या. यूएसडीटी हे क्रिप्टो आहे, आणि क्रिप्टो म्हणजे परकीय चलन नव्हे. निर्यातीची अट तिथेच मोडते आणि आभासी मालमत्तेचे कडक नियम मागे लागतात ते वेगळेच.

थकलेली वर्षं आणि परदेशातले शेअर

कुणाचं एखादं वर्ष राहून गेलं असेल. करोनात पहिल्यांदा डॉलरचं काम मिळालं, विवरणपत्रात दाखवायचं सुचलं नाही, मग भीती वाटली आणि पुढची वर्षंही तशीच गेली. त्यांच्यासाठी ही ओळ दोनदा वाचण्यासारखी आहे: अद्ययावत विवरणपत्र, ज्याला आयटीआर-यू म्हणतात, ते आता चार वर्षांपर्यंत मागे जाऊन भरता येतं, पण दर ३१ मार्चला त्याची किंमत एक पायरी चढते. २०२३-२४चं उत्पन्न या महिन्यात दाखवलंत तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा. १ एप्रिलला तेच ५० टक्के. २०२२-२३साठी आज ५०, मग ६०. २०२१-२२साठी आज ६०, मग ७०. आणि २०२०-२१साठी आज ७० टक्के, १ एप्रिलला दार बंद. नोटीस येऊन पडली असेल तर हा मार्ग नेहमी मोकळा राहत नाही, म्हणून वाट पाहू नका.

कंपनीने शेअर दिले असतील तर आणखी एक. असे शेअर (आरएसयू) तुमच्या नावे होतात त्या दिवशीच त्यांची बाजारकिंमत उत्पन्न म्हणून धरली जाते. विकले की भांडवली नफ्याचा हिशेब वेगळा. आणि विकले नाहीत तरी विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये ते दाखवावेच लागतात, परदेशातलं बँक खातंही तसंच. तिथे हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा मागतात, एप्रिल ते मार्च नव्हे. परदेशी मालमत्ता असेल तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे सोपे फॉर्म चालत नाहीत. ४४एडीएवाले नेमके इथे फसतात: उत्पन्न आयटीआर-४मध्ये भरतात आणि शेअर कुठेच दाखवत नाहीत. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५च्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवण्याचं बंधन कायम आहे. अमेरिकेसह अनेक देशांकडून ही माहिती आयकर विभागाला आपोआप मिळते. तुम्ही सांगितलं नाही तरी त्यांना कळतं.

हक्क मागायचे कसे?

पहिल्या प्रकारातल्यांनी, म्हणजे इथल्या मध्यस्थ कंपनीच्या पगारपत्रकावर असणाऱ्यांनी, लक्षात ठेवावं की कायद्याने तुमचा मालक हीच कंपनी आहे आणि तिला इथले कायदे लागू आहेत. नव्या संहितांप्रमाणे नेमणूकपत्र लेखी मिळायला हवं. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवं. मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे. ‘निर्णय अमेरिकेतून होतो’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. पीएफ कापतात म्हणतात, तर उमंग ॲपवर पासबुक उघडून तो जमा होतोय का ते दर महिन्याला बघा. आणि एक खात्री करून घ्या: काही कंपन्या जाहिरातीत एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणवतात, पण सही कॉन्ट्रॅक्टरच्या करारावर घेतात.

कॉन्ट्रॅक्टर असाल तर तुमचा हक्क म्हणजे तुमचा करार. त्यात चार गोष्टी मागा. पैसे महिन्याऐवजी पंधरवड्याला, म्हणजे बुडालेच तर पंधरा दिवसांचे बुडतील. काम थांबवण्याची सूचना दोन्ही बाजूंना सारखीच. कराची भरपाई तुमच्या स्वतःच्या करापुरतीच, कंपनीच्या करासाठी नाही. आणि कामाचा मालकी हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच कंपनीकडे जाईल. हे शेवटचं कलम तुमच्या हातातलं खरं हत्यार आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा मालकच असतो. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा हक्क सर्वसाधारणपणे त्याचाच, आणि तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. तो फुकट आणि आगाऊ लिहून देऊ नका.

‘आमचं काम सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही’ या धमकीला फार भ्यायचं कारण नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २७ असल्या बंधनाला मानत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानविरुद्ध एका व्यवस्थापन कंपनीने करार संपल्यानंतरचं बंधन लादायचा प्रयत्न केला, तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं. करार चालू असताना मात्र दुसरीकडे काम न करण्याचं बंधन सहसा टिकतं. शिवाय करारात परदेशी कायदा लिहिलेला असेल तर आधी तो कायदा काय म्हणतो ते पाहावं लागेल. म्हणूनच भारतीय कायदा आणि पुण्या-मुंबईतला लवाद मागून तरी पाहा. लहान कंपन्या पुष्कळदा मान्य करतात, कारण त्यांनीही तो नमुना कुठून तरी उचललेलाच असतो.

अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म मागेल. तो भरायला घाबरू नका: तुम्ही अमेरिकी नाही आणि काम अमेरिकेबाहेर बसून केलंय, एवढंच त्यातून सांगायचं असतं. तरीही कुणी तिकडे कर कापलाच, तर तो कोणत्या आधारावर कापला ते लेखी मागा. नियमाने कापलेल्या कराचं श्रेय करकराराखाली इथे मागता येतं. चुकीने कापलेला तिकडूनच परत मागावा लागतो.

व्हिसासाठी आलेले आणि अडकलेले

डिसेंबरात एच-१बीच्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीला आलेली कितीतरी मराठी कुटुंबं पुण्या-ठाण्यात अडकली. आईवडिलांच्या घरून अमेरिकेचं काम चालू आहे, पगार तिकडेच जमा होतोय. त्यांना सांगणं असं की काम जिथे बसून केलं तिथला कर हा नियम तुम्हालाही लागू आहे. भारत-अमेरिका करकरारात सवलत आहे, पण तिला अटी आहेत: मुक्काम त्या करवर्षात १८३ दिवसांपुढे नको, पगार देणारा भारताचा निवासी नको, आणि पगाराचा बोजा त्या कंपनीच्या भारतातल्या आस्थापनेवर पडायला नको. भारतातलं इतर उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल तर निवासी ठरण्याची मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते. पासपोर्टवरचे शिक्के काढा आणि दिवस मोजा. ३१ मार्चपर्यंतचे एका वर्षात, १ एप्रिलपासूनचे दुसऱ्यात.

आता करायचं ते

१. वर्षभराची परदेशी जमा एका कागदावर मांडा. कराची रक्कम १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर शुक्रवारी, १३ मार्चलाच भरून टाका. १५ चुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरा. तोही आगाऊ करच धरला जातो, थोड्या व्याजावर निभावतं.

२. करार उघडा. नोकरी की कॉन्ट्रॅक्ट, भरपाई, मालकी हक्क, कायदा आणि लवाद, सूचनेचा काळ: या पाच कलमांखाली रेघ मारा आणि कंपनीला लेखी प्रश्न विचारा. उत्तर ईमेलवरच घ्या.

३. जमा २० लाखांपुढे गेली असेल तर जीएसटी नोंदणी आणि हमीपत्र. सोबत महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने त्याची नोंदणी स्वतः करायची असते.

४. मागचं एखादं वर्ष राहिलं असेल तर याच महिन्यात आयटीआर-यू.

५. बिलं, दाखले, करार आणि कामाचे ईमेल कंपनीच्या लॅपटॉपवर नकोत, स्वतःकडे ठेवा. काढून टाकतात त्या दिवशी पहिलं बंद होतं ते लॉगिन.

६. ‘तुमचं फ्रीलान्सिंग खातं भाड्याने द्या’, ‘तुमच्या घरी आमचा लॅपटॉप चालू ठेवा, महिना अमुक देऊ’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. दुसऱ्याच्या नावाने काम घेणारी ही टोळी असते आणि पोलीस येतात ते तुमच्या पत्त्यावर. पैसे अडकले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

सनदी लेखापाल आणि कर सल्लागारांना विनंती: डॉलरमध्ये कमावणारा अशील आला की त्याचा करार वाचल्याशिवाय विवरणपत्र भरू नका. वकील मंडळींना विनंती: असा करार सहीआधी तपासून देण्याची माफक फी ठरवा आणि ती जाहीर करा. महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना विनंती: पहिली परदेशी ऑफर घेणाऱ्या मुलांसाठी मेच्या आत एक तासाचं सत्र ठेवा. आणि राज्याच्या कामगार विभागाकडे मागणी: परदेशी मालकाकडे वेतन थकलेल्यांची तक्रार निदान नोंदवून घेणारी खिडकी सुरू करा. आज अशी माणसं किती आणि त्यांचे किती पैसे अडकलेत, हे नोंदच होत नाही. नोंद नाही म्हणून प्रश्नही नाही, असं चाललंय.

गुढीपाडवा १९ मार्चला आहे. त्याआधी आगाऊ कर भरून आणि करारातल्या पाच कलमांचे प्रश्न कंपनीला पाठवून मोकळे व्हा. आणि हे वाचून झालं की घरून काम करणाऱ्या आणखी एकाला पाठवा. त्याच्या कंपनीतून त्याला हे कुणी सांगणार नाही.